परसातलं घर: सिटीचा झोनिंग नियम बदलला की तुमच्या प्लॉटवर नेमकं काय बदलतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. सान्ता क्लारा काउंटीत तुमचा ६,००० स्क्वेअर फुटांचा प्लॉट आहे. त्यावर १९६० च्या दशकातलं १,५०० फुटांचं एकमजली घर आणि ४०० फुटांचं गॅरेज. सासूबाई आणि सासरे नाशिकहून कायमचे राहायला येणार आहेत, त्यांच्यासाठी बॅकयार्डमध्ये एडीयू बांधायचं मनात आहे, म्हणजे त्याच आवारात स्वतःचं स्वयंपाकघर आणि बाथरूम असलेलं दुसरं छोटं घर. नेमका आत्ताच तुमच्या सिटी कौन्सिलपुढे एडीयूच्या झोनिंगच्या नियमांचा, म्हणजे कुठल्या प्लॉटवर काय आणि किती बांधता येईल या नियमांचा, नवा मसुदा आलाय. शेजारी म्हणतात, थांबा, नियम सैल होतील. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, लगेच सही करा, नियम कडक होणार. १,००० फुटांचं बांधावं की लहान, पुढे भाड्याने देता येईल का, विकता येईल का, टॅक्स किती वाढेल, हेही तुम्ही विचारलंय.

मी गेली सतरा वर्षं बे एरियात घरांचे नकाशे काढते आणि परमिटची कामं करते. शिक्षण पुण्यात झालं, त्यामुळे सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), चटई क्षेत्र (प्लॉटच्या मानाने एकूण बांधकाम) हे शब्द अजून डोक्यात आधी येतात आणि त्यांचेच इंग्रजी सेटबॅक, एफएआर नंतर. तुम्हाला माझं उत्तर असं आहे: ८०० फुटांच्या आत एकमजली घरात तुमचं भागत असेल तर कौन्सिलच्या मसुद्यासाठी एक दिवसही थांबू नका. त्याहून मोठं हवं असेल तर मात्र मसुदा ओळ न् ओळ वाचावा लागेल. असं का, ते सांगते.

कॅलिफोर्नियात एडीयूचे नियम दोन थरांत आहेत. खाली स्टेटचा कायदा, त्यावर सिटीचा. १९८२ पासून स्टेटचा 'सेकंड युनिट'चा कायदा होता, पण शहरं त्यात इतक्या अटी घालायची की परमिट मिळवता मिळवता माणूस थकून जायचा. कुठे दोन झाकलेल्या पार्किंगची सक्ती, कुठे प्लॉट अमुक इतका मोठाच हवा ही अट, कुठे शेजाऱ्यांना बोलावून सुनावणी. २०१७ पासून चित्र बदलायला लागलं आणि १ जानेवारी २०२० ला खरा बदल झाला. एबी ६८, एबी ८८१ आणि एसबी १३ हे तीन कायदे एकदम लागू झाले (एबी म्हणजे असेंब्ली बिल, एसबी म्हणजे सिनेट बिल). त्या दिवसापासून एकाच कुटुंबाच्या घराच्या प्लॉटवर ८०० फुटांपर्यंतचं, १६ फूट उंचीचं, बाजूला आणि मागे चार फूट सोडलेलं एडीयू कुठलीही सिटी अडवू शकत नाही. प्लॉट लहान आहे म्हणून नाही, कव्हरेज (प्लॉटचा बांधकामाखाली गेलेला भाग) भरलंय म्हणून नाही, एफएआर संपला म्हणूनही नाही. शेजाऱ्याची हरकत, सुनावणी, प्लॅनिंग कमिशन यांतलं काही नाही. मोजता येईल एवढेच नियम लावायचे. 'परिसराला साजेसं दिसत नाही' हे कारण आता चालत नाही.

म्हणून सिटीचा नवा मसुदा हातात आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: हा बदल स्टेटने दिलेल्या हक्काच्या वरचा आहे की त्याला हात घालतोय? वरचा असेल तर तो आपल्या कामाचा आहे, वाचायचा. हक्काला हात घालत असेल तर तो टिकणारा नाही. सिटीला मंजूर केलेला एडीयूचा नियम ६० दिवसांत स्टेटच्या गृहनिर्माण खात्याकडे पाठवावा लागतो. तो स्टेटच्या कायद्यात बसत नसेल तर रद्दबातल ठरतो आणि त्या शहरात थेट स्टेटचे निकष लागू होतात. याचं जाहीर उदाहरण म्हणजे हंटिंग्टन बीच. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या शहराने एडीयूचे अर्ज घेणंच थांबवलं. मार्चमध्ये स्टेटने खटला भरला आणि त्याच महिन्यात शहराला ती बंदी मागे घ्यावी लागली. तेव्हा 'नियम कडक होणार, लगेच सही करा' असं म्हणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला शांतपणे विचारा, की नेमकं कुठलं कलम कडक होणार आहे? मसुद्यातलं पान दाखवा. दाखवता आलं नाही तर त्याची घाई त्याच्याकडेच राहू द्या.

आता तुमच्या प्लॉटचा हिशेब करू, कारण सगळा घोळ ८०० आणि १,००० या दोन आकड्यांत होतो. समजा तुमच्या झोनमध्ये कव्हरेजची मर्यादा ४० टक्के आहे. ६,००० च्या ४० टक्के म्हणजे २,४०० फूट. घर १,५०० आणि गॅरेज ४००, मिळून १,९०० आधीच भरले. उरले ५००. निव्वळ सिटीच्या नियमाने गेलात तर ५०० फुटांचं एडीयू. स्टेटचा कायदा म्हणतो, कव्हरेजच्या नावाखाली ८०० च्या खाली ढकलता येणार नाही. म्हणून ८०० मिळतात. पण लोक वाचतात, 'दोन बेडरूमच्या एडीयूला सिटीने किमान १,००० फुटांपर्यंत परवानगी द्यायलाच हवी', आणि धरून चालतात की १,००० आपल्या हक्काचे. तसं नाही. ती १,००० ची अट सिटीच्या कमाल आकाराच्या मर्यादेसाठी आहे. सिटीला 'आमच्याकडे दोन बेडरूमचं एडीयू जास्तीत जास्त ७०० फूट' असा नियम करता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. कव्हरेज आणि एफएआर हे वेगळे निकष आहेत आणि ते ८०० पर्यंत खाली आणू शकतात. माझ्याकडे येणाऱ्या दर तीन-चार कुटुंबांमागे एक तरी १,००० फुटांचा नकाशा आधीच ऑनलाइन विकत घेऊन आलेलं असतं. मग ते पैसे वाया गेले हे सांगायची वेळ माझ्यावर येते आणि ते सांगताना मला खरंच वाईट वाटतं.

सिटीच्या मसुद्याचा तुम्हाला फायदा झालाच तर तो इथे होईल. समजा मसुद्यात लिहिलंय, 'एडीयूचं क्षेत्र कव्हरेजमध्ये धरलं जाणार नाही' किंवा 'कव्हरेजची मर्यादा एडीयूसाठी ५० टक्के'. मग १,००० शक्य होतात. असं कलम असेल आणि तुम्हाला खरोखरच दोन बेडरूम प्रशस्त हव्या असतील तर थांबण्यात अर्थ आहे. किती थांबायचं याचाही अंदाज बांधता येतो: साधारणपणे कौन्सिलमध्ये दोन वाचनं होतात आणि दुसऱ्या वाचनानंतर ३० दिवसांनी नियम लागू होतो. सिटीच्या वेबसाइटवर बैठकीचा अजेंडा असतो, त्याला स्टाफ रिपोर्ट जोडलेला असतो, आणि त्याच्या शेवटी जुन्या नियमावर खोडलेल्या आणि नव्याने घातलेल्या ओळींची प्रत असते. बाकी तीस पानं सोडलीत तरी चालेल, ती प्रत वाचा. तारखा लिहून ठेवा. या थांबण्याच्या काळात सर्व्हे, मातीची तपासणी, सीवर (सांडपाण्याच्या) लाइनची कॅमेरा तपासणी ही कामं उरकून घ्या. ती कुठल्याही नियमाखाली लागणारच आहेत.

पण आधी स्वतःला एक विचारा. दोन वयस्कर माणसांना १,००० फूट हवेतच का? आकार वाढला की फक्त बांधकामाचा खर्च वाढत नाही, फीचं गणितही पालटतं. एडीयू ७५० फुटांपर्यंत असेल तर सिटी इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या घरामुळे सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या भारापोटीची फी, घेऊ शकत नाही. त्यापुढे गेलात की फी मूळ घराच्या प्रमाणात. तुमचं घर १,५०० फुटांचं. १,००० फुटांचं एडीयू म्हणजे दोन तृतीयांश. समजा नव्या घराची इम्पॅक्ट फी तुमच्या शहरात ३०,००० डॉलर आहे, तर तुम्हाला २०,००० भरावे लागतील. शेजारच्या गल्लीत ३,००० फुटांचं घर असणाऱ्याला त्याच १,००० फुटांच्या एडीयूसाठी १०,०००. लहान घरवाल्याला जास्त भुर्दंड बसतो, हे मला कधीच पटलेलं नाही, पण कायदा तसा आहे. म्हणून या भागात ७४०-७४९ फुटांचे इतके नकाशे दिसतात. ७४५ फुटांत एक नीट बेडरूम, एक लहान खोली, एक प्रशस्त बाथरूम आणि बसायला-जेवायला मोकळी जागा आरामात बसते. मात्र ७५० च्या आत राहिलात म्हणजे सगळ्या फी माफ, असं समजू नका. प्लॅन चेक (सिटीकडून होणारी नकाशाची तपासणी) आणि परमिटची फी आहेच, आणि ५०० फुटांच्या वर शाळेच्या डिस्ट्रिक्टची फी वेगळी लागू शकते. डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात फोन करून स्क्वेअर फुटाचा दर विचारा आणि तो ईमेलवर मागून घ्या.

स्टेटची ४०,००० डॉलरची ग्रँट मिळते असं अजूनही कुणीतरी सांगतं. ती योजना होती, पण २०२३ च्या अखेरीस तिचा निधी संपला. तिच्या भरवशावर बजेट मांडू नका.

आता चार फुटांविषयी. हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण घर मंजूर होऊनही माणसं इथेच अडकतात.

झोनिंगने चार फूट दिले म्हणजे झालं असं नाही. बिल्डिंग कोड वेगळं बोलतो. एडीयूला स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणारी यंत्रणा) नसतील आणि भिंत हद्दीपासून पाच फुटांच्या आत असेल तर ती एक तास आगीला तोंड देणारी भिंत हवी. त्या भिंतीतल्या खिडक्या-दारांचं क्षेत्र भिंतीच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. छपराची वळचण पाच फुटांच्या आत आली की तिच्याही खालची बाजू तशीच आगप्रतिबंधक. (मूळ घराला स्प्रिंकलरची सक्ती नसेल तर एडीयूलाही ती करता येत नाही. तुमच्या साठीच्या दशकातल्या घराला नसणारच.) त्यामुळे मी शक्य तिथे भिंत पाच फुटांवर नेते. एक फूट अंगण गेलं, पण भिंत साधी झाली, खिडक्या मोकळ्या झाल्या आणि प्लॅन चेकमधले निदान तीन शेरे वाचले. मागच्या बाजूला जागा तंग असेल तर एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच असंही चालतं.

आणि हे चार फूट कुठून मोजायचे? कुंपणापासून नव्हे. कुंपण म्हणजे हद्द नाही. माझ्याच एका जुन्या कामात मी कुंपणाला टेप लावून नकाशा केला. मालकांनी सर्व्हेचा खर्च टाळायला सांगितला होता आणि मी ऐकलं. पायाच्या फळ्या ठोकून झाल्या, सळया बांधून झाल्या, आणि इन्स्पेक्टरने हद्दीची खूण दाखवा म्हणून सांगितलं. सर्व्हेअर आला. कुंपण अकरा इंच शेजाऱ्याच्या जागेत होतं. आमचे चार फूट प्रत्यक्षात तीन फूट एक इंच भरले. सगळ्या फळ्या काढून पाया सरकवावा लागला, नकाशा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागला, पाच आठवडे गेले. काँक्रीट ओतलेलं नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून सर्व्हे झाल्याशिवाय मी साइट प्लॅनची पहिली रेघही ओढत नाही, आणि तुम्हीही ओढू देऊ नका.

झोनिंगच्या चर्चेत कुणी काढत नाही अशी आणखी एक गोष्ट म्हणजे ईझमेंट, आपल्या जमिनीच्या एखाद्या पट्टीवर दुसऱ्याचा नोंदलेला वापराचा हक्क. तुमच्या काळातल्या वसाहतींत मागच्या कुंपणालगत विजेच्या, फोनच्या तारांसाठी किंवा सीवरसाठी काही फुटांची पट्टी राखलेली असते. त्या पट्टीवर बांधता येत नाही. स्टेटचा चार फुटांचा हक्क तिथे कामाला येत नाही, कारण तो सिटीच्या सेटबॅकपुरता आहे, दुसऱ्याच्या नोंदलेल्या हक्कावर त्याचा अंमल नाही. घर घेताना मिळालेल्या टायटल रिपोर्टमध्ये ती नोंद असते. तो कागद शोधा. अंगणात मागच्या कोपऱ्याकडे जाऊन वर बघा, खांबावरून तार येते का, आणि खाली बघा, जमिनीत गोल झाकण आहे का. या दोन गोष्टींनी कित्येकदा नव्या झोनिंगपेक्षा जास्त फरक पडतो.

उंचीबद्दल थोडक्यात. १६ फूट सगळ्यांना. रेल्वे स्टेशन किंवा त्या दर्जाच्या मोठ्या थांब्यापासून चालत अर्ध्या मैलाच्या आत असाल तर २०२३ पासून १८, आणि मूळ घराच्या छपराचा उतार जुळवायचा असेल तर आणखी दोन. यात नीट दुमजली घर बसवणं अवघड आहे. तुमच्या सासूबाईंना जिना नकोच, तेव्हा हा विषय सोडू. पार्किंगसाठी मात्र साधा बसथांबासुद्धा चालतो. अर्ध्या मैलाच्या आत बस जात असेल तर सिटी एडीयूसाठी पार्किंग मागू शकत नाही. हे दोन निकष वेगळे आहेत आणि काउंटरवरही कधीकधी त्यांची गल्लत होते.

गॅरेज बदलून घेतलं तर? तो पर्याय मी नेहमी आधी मांडते. असलेल्या बांधकामाला सेटबॅक लागत नाही, आणि गेलेलं पार्किंग भरून द्यायची सक्ती २०२० पासून नाही. पण साठीच्या दशकातलं गॅरेज एकदा वाकून बघा. जमीन मुद्दाम दाराकडे उतरती ओतलेली असते, म्हणजे पाणी बाहेर जावं. तिच्याखाली ओल अडवणारं प्लास्टिक बहुधा नसतं. दाराच्या जागी भिंत येणार, पण तिथे खाली पाया असेलच असं नाही. छत बेताचं असतं आणि राहत्या खोलीला किमान सात फूट उंची हवी. जमीन समतल केली की त्यातले दोन-तीन इंच जातात. मग बाथरूमचा सीवर पाइप न्यायला तीच जमीन फोडायची. हिशेब करता करता बचत बरीच आटते. शिवाय ४०० फुटांत दोघांचं भागेल, पण नाशिकहून मावशी, आत्या महिनाभर राहायला आल्या की? तुमच्या बाबतीत मी अंगणातल्या स्वतंत्र घराच्या बाजूने आहे. गॅरेज तसंच ठेवा. पुढे कधी घराच्या आतलं ५०० फुटांपर्यंतचं ज्युनिअर एडीयू करायचं झालं तर स्टेटच्या कायद्याने तेही त्याच प्लॉटवर जोडीला बसतं.

अर्ज टाकल्यावर किती दिवस लागतात? कायदा म्हणतो, पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय, नाहीतर मंजूर समजायचा. इथे 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. साइट प्लॅनवर एखादं झाड राहिलं, विजेच्या मीटरची जागा दाखवली नाही, एनर्जीचे फॉर्म जोडले नाहीत, की अर्ज अपूर्ण ठरतो आणि घड्याळ सुरूच होत नाही. नामंजूर करायचं असेल तर मात्र २०२३ पासून सिटीला सगळे दोष आणि ते कसे दुरुस्त करायचे हे एकत्र लिहून द्यावं लागतं. आधी एक शेरा, मग तो दुरुस्त केला की दुसरा, ही जुनी पद्धत त्याने बरीच आटोक्यात आली. एबी १३३२ नुसार १ जानेवारी २०२५ पासून शहरांनी आधीच मंजूर केलेल्या नकाशांची योजना ठेवायची आहे. असा नकाशा घेतला तर ३० दिवसांत निर्णय. तुमचा प्लॉट सपाट आणि आयताकृती आहे, तेव्हा तुमच्या शहराच्या यादीत ७५० च्या आतला एखादा नकाशा आहे का ते जरूर बघा. पण त्यातलं बाथरूम तपासून घ्या. तयार नकाशांत ते तरुण भाडेकरूच्या मापाचं असतं.

एक लक्षात ठेवा, झोनिंग आणि बिल्डिंग कोड यांची वेळापत्रकं वेगळी आहेत. बिल्डिंग कोडची नवी आवृत्ती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. त्याआधीचा नकाशा कुणी 'आमच्याकडे तयार आहे' म्हणून देत असेल तर तो नव्या कोडप्रमाणे सुधारलाय का, हे विचारा. नव्या स्वतंत्र एडीयूला छतावर सोलर लागतं, गॅरेज बदलून केलेल्याला नाही. आणि तुमचं घर डोंगराच्या बाजूला असेल तर २०२५ मध्ये आलेले आगीच्या धोक्याचे नवे नकाशे बघा. त्या पट्ट्यात घर आलं असेल तर छप्पर, बाहेरच्या भिंती, हवा जायच्या जाळ्या सगळं वेगळ्या दर्जाचं लागतं. सपाट भागातल्या बहुतेकांना हा प्रश्न येत नाही.

भाड्याने देणं. पूर्वी शहरं अट घालायची की मालकाने दोनपैकी एका घरात राहिलंच पाहिजे. २०२० मध्ये ती अट पाच वर्षांसाठी उठवली होती. २०२५ नंतर काय, या काळजीने कित्येकांनी काम लांबणीवर टाकलं. २०२३ च्या एबी ९७६ ने ती कायमची काढली. उद्या तुमची नोकरी सिअॅटलला गेली तरी दोन्ही घरं भाड्याने देता येतील. ज्युनिअर एडीयूचं तसं नाही, तिथे बाथरूम मूळ घराशी सामाईक असेल तर मालकाने राहण्याची अट येते. आणि ८०० फुटांच्या हक्काखाली बांधलेलं एडीयू ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने देता येत नाही. सासूबाई भारतात गेल्या की आठवड्याच्या हिशेबाने पाहुण्यांना देऊ, असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

तुमच्या वसाहतीला एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर तिचे लोक अडवायला बघतील. एबी ६७० मुळे २०२० पासून एकट्या घरांच्या प्लॉटवर एडीयूला बंदी घालणारी किंवा ते अवाजवी अवघड करणारी एचओएची कलमं निरर्थक आहेत. रंग, छपराचा प्रकार याबाबत वाजवी अपेक्षा त्या ठेवू शकतात. तेवढं ऐकावं, भांडण वाढवू नये.

विकण्याचं मात्र पूर्णपणे तुमच्या सिटीच्या हातात आहे, आणि मसुद्यात हे कलम आहे का ते आवर्जून शोधा. एबी १०३३ ने शहरांना मुभा दिली की एडीयू मूळ घरापासून वेगळं, काँडोसारखं विकू द्यायचं की नाही ते ठरवा. सॅन होजे हे ती मुभा स्वीकारणारं पहिलं शहर, २०२४ मध्ये. तुमच्या शहराने स्वीकारली तरी तुमच्या मॉर्टगेजच्या बँकेची लेखी संमती लागते, आणि मॉर्टगेज असताना ती मिळणं सोपं नाही. तुम्ही सासूसासऱ्यांसाठी बांधताय. आज हे कलम तुमच्या निर्णयात यायला नको. फक्त नळाची, विजेची, सीवरची जोडणी पुढे वेगळी करता येईल अशी पाइपांची आखणी आत्ता करून ठेवा. खंदक एकदाच खणला जातो.

टॅक्सबद्दल घाबरायचं कारण नाही. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या मालमत्ता कराच्या कायद्यामुळे मूळ घराचं मूल्यांकन एडीयूमुळे बदलत नाही. नव्या बांधकामाचं तेवढं मूल्य वाढीव धरतात. समजा असेसरने एडीयूचं मूल्य तीन लाख डॉलर धरलं, तर वर्षाला त्याच्या एक टक्का म्हणजे ३,००० आणि वर स्थानिक आकारणी. पहिल्या वर्षी एक पुरवणी बिल वेगळं येतं. ते सहसा बँकेकडे न जाता थेट तुमच्या घरी येतं. मॉर्टगेजमध्ये टॅक्स जातोय म्हणून लोक ते बाजूला ठेवतात आणि दंड भरतात. ते पाकीट उघडा.

इतर राज्यांतल्या मराठी मंडळींसाठी दोन शब्द, कारण माझ्या फोनवर तेही विचारतात. वॉशिंग्टन स्टेटमध्ये २०२३ च्या एचबी १३३७ ने शहरी भागात एका प्लॉटवर दोन एडीयूंची मुभा दिली आणि मालकाने राहण्याची अट काढली. मॅसॅच्युसेट्समध्ये २ फेब्रुवारी २०२५ पासून एकट्या घरांच्या झोनमध्ये ९०० फूट किंवा मूळ घराच्या निम्मं, यांतलं जे कमी असेल तेवढं हक्काने बांधता येतं. टेक्सस आणि न्यू जर्सीत मात्र कॅलिफोर्नियाचा एकही आकडा धरून चालू नका. टेक्ससमध्ये वसाहतीच्या डीडमधल्या (खरेदीखतातल्या) अटी आणि न्यू जर्सीत टाउनशिपचं स्वतःचं झोनिंग आधी वाचावं लागतं.

परत तुमच्याकडे. माझा सल्ला ७४५ फुटांच्या आसपासचं एकमजली स्वतंत्र घर, भिंती शक्य तिथे पाच फुटांवर, अर्ज स्टेटच्या हक्काखाली. अर्जावर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे प्लॅनर तुम्हाला कव्हरेजच्या तक्त्यात बसवायला बघणार नाही. आराखडा करताना तुम्हाला आज गरजेचं वाटणार नाही असं एक काम माझ्या आग्रहाखातर करा. बाथरूमचं दार ३६ इंची, शॉवरला उंबरा नको, आणि कमोड व शॉवरच्या भिंतींत टाइल लावण्यापूर्वी आडव्या फळ्या ठोकून घ्या, म्हणजे पुढे धरायचे दांडे बसवताना भिंत फोडावी लागणार नाही. गेल्या वर्षी एका आजींच्या घरी हे राहून गेलं होतं. त्या पडल्यावर दांडा लावायला गेलो तर मागे नुसतं जिप्सम बोर्ड. नवी टाइल फोडून काम करावं लागलं आणि तेवढे दिवस आजी मुलाच्या घरातल्या सोफ्यावर झोपल्या. आत्ता या फळ्यांना लाकडाचे शंभर डॉलरही लागत नाहीत.

डिझायनरशी पहिली भेट ठरवाल तेव्हा चार गोष्टी बरोबर न्या: टायटल रिपोर्ट, घराच्या जुन्या परमिटची प्रत (सिटीच्या रेकॉर्ड खात्यात मिळते), सीवरच्या झाकणाचा फोटो आणि विजेच्या पॅनेलचा फोटो. पॅनेलचा फोटो बाहेरून काढू नका. दार उघडून मेन ब्रेकरवरचा आकडा दिसेल असा काढा. तिथे १०० असेल तर २०० करण्याचा अर्ज वीज कंपनीकडे नकाशाच्या आधी टाका. सिटीचे ६० दिवस कायद्याने बांधलेले आहेत, वीज कंपनीचे नाहीत.